मोडका माल

"आधी कोड बघ," म्हणत मावशींनी मोबाईल काउंटरवर सरकवला.

"मावशी, तुमचा कसला कोड बघायचा? घ्या की पिशवी." बेकरीचे धाकटे मालक हसायला लागले.

"बघ म्हटलं ना! उद्या कुणी म्हणायला नको, जुनी नोकर म्हणून फुकट उचलून नेते."

धाकट्या मालकांनी मुकाट्यानं पडद्यावरचे आकडे वाचले, पैसे घेतले आणि खालच्या फळीवरून कागदी पिशवी काढून पुढं केली. तोंड दुमडून चिकटवलेली. आत काय आहे ते घरी जाऊन उघडल्याशिवाय कळायचं नाही, हीच त्या ॲपची गंमत. दिवसभरात न खपलेला माल दुकानदार संध्याकाळी पिशव्यांत भरतात, निम्म्याहून कमी किमतीला ॲपवर टाकतात, आणि ज्याचं बोट आधी पडेल त्याची पिशवी. तिथं निवडानिवड नाही, घासाघीस नाही. पदरी पडलं पवित्र झालं.

मावशींना अजून काउंटरच्या ह्या बाजूला उभं राहायची सवय झाली नव्हती. सगळी उमेद त्या लाकडी फळीच्या पलीकडे गेलेली. गुडघ्यांनी दगा दिला नसता तर अजूनही तिथंच उभ्या असत्या. काउंटरवर चार कण सांडलेले दिसले की त्यांचा हात आपोआप पुढं जायचा आणि कण गोळा करायचा.

"राहू दे हो मावशी, मी पुसतो," धाकटे मालक म्हणायचे.

"तू पुसणार! लहानपणी ह्याच काउंटरवर बसून क्रीम फासायचास. तेव्हाही मीच पुसत होते."

हे ॲपचं खूळ सूनबाईचं. मुलाच्या कारखान्यात एक पाळी बंद झाली, पगार आटला, आणि घरात प्रत्येक जण आपापल्या परीनं हात आखडता घ्यायला लागला. मुलानं सिगारेट सोडली. सूनबाई कामावरून येताना भाजीच्या दुकानातली उरलेली पिशवी आणू लागली. मावशींना मात्र काही सोडायला नव्हतंच. औषधं सोडून बघितली, तर सूनबाईनं दोन दिवसांत पकडलं आणि अशी काही झाडली की बोलायची सोय राहिली नाही. मग तिनंच आपला जुना फोन सासूच्या हातात दिला.

"आई, हे बघा, ह्यात तुमची बेकरीसुद्धा आहे. पाच-सहाच पिशव्या टाकतात, एका नंबराला दिवसाला एकच. लक्ष ठेवून राहायचं आणि दिसली रे दिसली की दाबायचं. जमेल?"

"न जमायला काय झालं? आयुष्यभर गिऱ्हाइकांवर लक्षच ठेवलंय मी."

आणि जमलं की! पहिल्या दिवशी पिशवीतून पाव, दोन बन आणि केकचा एक लांबट तुकडा निघाला, तेव्हा नातीनं आजीच्या गळ्याला मिठी मारली. मुलानं केक दोनदा घेतला. त्या दिवसापासून संध्याकाळचं खाणं ही आजीची बाब झाली. पिशवी टेबलाच्या मधोमध ठेवायची, सगळे जमल्याशिवाय उघडायची नाही. काम सुटल्यापासून मावशींना आपण घरातली एक खुर्ची झालो आहोत असं वाटायला लागलं होतं. आता त्या पुन्हा काहीतरी आणणाऱ्या माणूस झाल्या. चालताना पिशवी छातीशी धरून चालायच्या, कुणी हिसकावून नेईल अशी.

मात्र पिशवी घेऊन निघताना एकदा तरी मागं वळून बघायच्या. दुकान बंद व्हायची वेळ ही त्यांची फार लाडकी वेळ. थोरल्या मालकांच्या काळात त्या वेळेला काय रंग असायचा! भट्टी थंड होत आलेली, पण भिंतीला हात लावला तर अजून ऊब. रिकाम्या पत्र्यांचा एकावर एक रचल्याचा आवाज. थोरले मालक गल्ल्याशी बसून दिवसभरातला पहिला निवांत चहा पीत, बशीत ओतून, फुर्र आवाज करत. त्यांचा एक कडक कायदा होता. मोडका माल विकायचा नाही. बन दबला, बिस्किट तुटलं, केकचा कोपरा पडला, तर त्याला किंमत लावायची नाही. "मोडकं विकलं की दुकानाची अब्रू जाते," असं म्हणायचे. मोडक्याचं काय करायचं ते मावशींनी ठरवायचं.

आणि मावशींनी ते ठरवून टाकलं होतं.

दिवे मालवायच्या वेळी ठरावीक माणसं यायची. कपडे धुणारी एक बाई यायची, ती दारातच उभी राहायची आणि "आज उकडतंय नाही?" म्हणायची, थंडीतसुद्धा. शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर यायचे, ते भाव विचारून जायचे. मागायचं कुणीच नाही. मग मावशी म्हणायच्या, "अहो, हे जरा मोडलंय, घेऊन जाता का? मला मेलीला टाकून द्यायचं जिवावर येतं." आणि पुडकं पुढं करायच्या. आता रोज रोज एवढं मोडणार कुठून? तर संध्याकाळ झाली की मावशी आतल्या खोलीत जाऊन चांगले धडधाकट बन हातानं मोडायच्या. थोरल्या मालकांना ते दिसत नव्हतं असं नाही. एकदा बशी खाली ठेवून म्हणाले, "तुमच्या हाताला काय झालंय हो? हल्ली फार मोडतंय." मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. तर पुढं म्हणाले, "मोडतंय तर मोडू दे. पण केक जरा जपून." आणि पुन्हा फुर्र.

ह्या सगळ्यांत पेंटरसाहेबांची तऱ्हा न्यारी. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. त्या रस्त्यावरच्या जवळजवळ सगळ्या पाट्या त्यांच्या हातच्या, बेकरीचीसुद्धा. लाल अक्षरं, त्यांना पिवळी कड, खाली काळी सावली. अक्षर असं की लांबून वाटावं, हात लावला तर उचलून येईल. मग छापील पाट्या आल्या आणि पेंटरसाहेबांचे ब्रश डब्यात गेले. तरी ते संध्याकाळी यायचे. रस्त्यावर उभे राहून आपली पाटी न्याहाळायचे, मान तिरपी करून. "रंग धरून आहे अजून," असं स्वतःशीच म्हणायचे आणि मग आत डोकवायचे.

"बाई, काही मोडलंबिडलं आहे का? पाखरांना घालीन म्हणतो."

"आहे ना! आज तुमच्या पाखरांची चैन आहे, केक मोडलाय."

"त्यांना कळवतो," असं गंभीरपणे म्हणून पेंटरसाहेब पुडकं घ्यायचे. पुडकं कोटाच्या आत जायचं, आणि ते रस्त्याच्या अंधाऱ्या कडेनं, भिंतीला लागून चालायला लागायचे. पाखरं कुठली नि काय, मावशींना ठाऊक होतं. आणि आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही, अशी मावशींची पक्की समजूत होती.

काम सुटलं आणि ही सगळी माणसं मावशींच्या नजरेआड झाली. आठवण यायची, पण ती थोरल्या मालकांच्या फुर्र आवाजाची यावी तशी. गोड. त्यांचं पुढं काय झालं असेल, हा विचार काही डोक्यात आला नव्हता.

तो आला एका संध्याकाळी, आणि नको त्या वेळी आला.

त्या दिवशी मावशींच्या वाट्याला शेवटची पिशवी आली होती. कोड दाखवून झाला, पैसे देऊन झाले, चार कण पुसून झाले. दारात खोकल्याचा आवाज आला. पेंटरसाहेब! तोच कोट, फक्त आतलं माणूस कमी झालेलं. वर बघायची सवय अजून गेली नव्हती. पण वर आता आतून दिवे पेटणारी प्लॅस्टिकची पाटी होती, म्हणून बघून लगेच मान खाली घातली. मावशी कोपऱ्यात होत्या. पेंटरसाहेबांना त्या दिसल्या नाहीत.

"मालक, काही मोडलंबिडलं?"

"अहो काका, किती वेळा सांगू तुम्हाला?" धाकट्या मालकांच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडी अजिजीच होती. "आता काही राहतच नाही हो. मोडकं काय नि धड काय, सगळं पिशवीत जातं, ॲपवर जातं. ह्या बघा, मावशीच शेवटची पिशवी घेऊन निघाल्यात."

पेंटरसाहेबांनी वळून बघितलं. मावशींच्या छातीशी धरलेल्या पिशवीकडे, मग मावशींकडे. एक क्षणभर त्यांचा चेहरा उघडा पडल्यासारखा झाला, पण लगेच त्यांनी तो सावरला.

"अरे वा! बाई, तुम्ही? छान, छान. घरी सगळे बरे ना? नाही, मी आपला सहज... पाखरांचं काय, ती कुठंही जाऊन खातात." आणि गेलेसुद्धा.

किती वेळा सांगू, असं धाकटे मालक म्हणाले. म्हणजे हा माणूस येतोय, रोज नाही तरी येतोय, आणि रिकाम्या हातानं परत जातोय. आणि आपण काय करतोय? पिशवी दिसली रे दिसली की दाबतोय. आजवर घरी टेबलावर उघडली ती पिशवी कुणाची होती? आपल्याच हातानं दिलेलं आपण आपल्याच हातानं काढून घेतलं, आणि वर नातीला मिठी मारायला लावली! मावशींना स्वतःची अशी लाज वाटली की कान तापले.

त्या बाहेर पडल्या. गुडघे नको नको म्हणत होते, त्यांना शिव्या घालत त्या भराभर चालायला लागल्या. भिंतीच्या कडेनं तो कोट पुढं चालला होता. मावशी एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबल्या, पिशवीचं तोंड फाडलं, आत हात घातला. लागला तो बन धरला आणि मोडला. हाताला काही शिकवावं लागलं नाही.

"अहो पेंटरसाहेब! थांबा की जरा! किती पळवाल म्हातारीला?"

ते थांबले.

"बघा ना, कसा माल देतात हल्ली," मावशी धापा टाकत म्हणाल्या. "बन मोडका निघाला. आमच्या सूनबाईला मोडकं चालत नाही, फार नखरे तिचे. घेऊन जा हो पाखरांना. पाव पण घ्या, तो पण दबलाय."

सूनबाईनं हे ऐकलं असतं तर तिथंच कपाळाला हात लावला असता.

पेंटरसाहेबांनी बनचे दोन्ही तुकडे हातात घेतले. दिव्याखाली धरले, पाटी बघावी तसे, मान तिरपी करून. मग तुकडे एकमेकांना जुळवले.

"बाई, आपोआप मोडलेला बन असा मधोमध मोडत नाही. तो कडेला दबतो, चुरा होतो. हा बोटांनी मोडलाय. तुम्ही नेहमी असेच मोडायच्या."

मावशींनी आपल्या बोटांकडे बघितलं.

"अक्षरांच्या कडा रंगवण्यात जन्म गेला माझा. कड कळते मला. पहिल्याच पुडक्याला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"तुम्ही तरी पाखरं कुठं राहतात म्हणून कधी विचारलंत?" ते हसले. मग तुकडे त्यांनी हळूच पिशवीत परत ठेवले आणि पिशवीचं फाटलेलं तोंड मावशींच्या हातातच दुमडलं. "तेव्हा तो माल दुकानाचा होता. मालकाला परवडत होता, तुमच्या मनात होतं, मी घेत होतो. आज हे तुम्ही पैसे मोजून घेतलंय. घरी नेण्यासाठी घेतलंय. विकत घेतलेलं असं मोडू नये बाई."

"पण मग तुम्ही खाणार काय?"

"मी नाही हो, पाख..."

"मेली ती पाखरं!" मावशी एवढ्या जोरात ओरडल्या की रस्त्यानं जाणारे दोघं-तिघं थबकले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मला कुणी सांगितलं का हो, की ह्या फोनमुळं तुमचं बंद झालं? मी आपली रोज वेड्यासारखी बोट टेकवून बसते, आणि घरी जाऊन मिरवते!"

पेंटरसाहेब घाबरले. रडणाऱ्या बाईचं काय करायचं ते त्यांना माहीत नसावं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्यावर जुने रंगाचे डाग बघून परत खिशात घातला.

"अहो, उपाशी नाही मी," ते म्हणाले. "गाड्यांचे नंबर रंगवतो अधूनमधून, भागतं. नुसतं भागतं, एवढंच." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ती पिशवी... केवढ्याला पडते?"

मावशींनी किंमत सांगितली.

"एवढ्यालाच?" त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवून बघितलं. "एवढं तर आहे माझ्याकडं. म्हणजे आठवड्यातून एखादवेळी. बाई, त्या दुकानाची पाटी मी रंगवली, काचेवरची अक्षरं मी काढली, भावफलक मी लिहिला. पण त्या काउंटरवर पैसे ठेवून मी कधी काही घेतलेलं नाही. तुमच्या त्या फोनवरून मला एक पिशवी मिळवून द्याल? पैसे मी देईन, तिथं जाऊन."

"मी आणून देते ना उद्या."

"नाही," पेंटरसाहेब म्हणाले. "आणून नको. मी जाईन."

दुसऱ्या दिवशी मावशी दुपारपासूनच फोन घेऊन बसल्या. एका नंबराला एकच पिशवी, म्हणजे आज घरी काही जायचं नव्हतं. सकाळी नातीनं "आजी, आज केक येऊ दे हं" म्हणून बजावलं होतं, ते आठवलं की बोट मागं यायचं. पिशवी दिसली. मावशींनी डोळे मिटून दाबलं. कोड आला. पेंटरसाहेब ठरल्याप्रमाणं कोपऱ्यावर उभे होते. दाढी केलेली, कोट झटकलेला. मावशींनी आकडे वाचून दाखवले आणि त्यांनी ते पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर उतरवून घेतले. नुसते उतरवले असते तर ते पेंटर कसले? खिशातून ब्रश काढला, रंगाची डबी काढली. लाल आकडे, पिवळी कड, खाली काळी सावली. मावशी म्हणाल्या, "अहो, वेळ संपेल, नंतर देणार नाहीत ते!" तर म्हणतात कसे, "वाळू द्या. ओला रंग गिऱ्हाइकाला देत नाही मी."

"मी येऊ का बरोबर?"

"नको बाई."

मग मावशी रस्त्याच्या पलीकडे, किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीला टेकून उभ्या राहिल्या. काचेतून सगळं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. आत चार माणसांची रांग होती. पेंटरसाहेब रांगेत उभे राहिले. एक घाईतली बाई मध्ये घुसायला बघत होती, तर त्यांनी बोटानं मागची जागा दाखवली. मावशींना हसू आलं. पाळी आल्यावर त्यांनी तो पुठ्ठा काउंटरवर ठेवला. धाकट्या मालकांनी मोबाईल मागायला हात पुढं केला, आणि मग पुठ्ठ्याकडे बघत तसेच राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आकडे जुळवून बघितले, मान डोलावली. पेंटरसाहेबांनी पैसे ठेवले. धाकट्या मालकांनी पिशवी दिली आणि मागं वळून ताटातला केकचा एक तुकडाही उचलला. पेंटरसाहेबांनी हात आडवा हलवला. तुकडा ताटात परत गेला. धाकटे मालक काहीतरी बोलले, आणि उरलेले सुटे पैसे त्यांनी पेंटरसाहेबांच्या हातात मोजून दिले, इतर सगळ्यांना देतात तसे.

मावशींना पळत जावंसं वाटलं, काय काय निघालं ते विचारावंसं वाटलं. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

पेंटरसाहेब बाहेर आले. त्यांनी रस्ता ओलांडला आणि दुकानांच्या उजेडातून चालायला लागले. पिशवी हातात लोंबत होती, चालताना पुढं-मागं होत होती. टपरीपाशी आल्यावर किल्लीवाल्यानं कानशीवरून मान वर केली.

"काय पेंटर, आज काय घेऊन निघालात?"

"पाव," पेंटरसाहेब म्हणाले. "विकत घेतला."

मावशी तिथंच हातभर अंतरावर होत्या. त्यांना बघून त्यांनी मान तुकवली, दुकानातून निघालेला माणूस ओळखीच्या माणसाला बघून तुकवतो तेवढीच, आणि ते पुढं गेले. मावशींनी हाक मारली नाही. वळणापर्यंत तो कोट दिसत होता, मग दिसेनासा झाला.

घरी टेबल मांडून ठेवलेलं होतं. नात दारातच आजीच्या रिकाम्या हातांकडे बघून हिरमुसली. सूनबाईनं भाजी ढवळता ढवळता विचारलं, "अगंबाई, आज नाही मिळाली? तुमचं बोट चुकलं? कुणी नेली एवढ्या झटपट?"

मावशींनी चपला काढल्या, भिंतीला धरून गुडघा सरळ केला.

"गिऱ्हाइकानं," त्या म्हणाल्या.